बर्निस गोड बोलली

"बसा ना, लिओ. आज काय आणू तुमच्यासाठी?" बर्निसने विचारलं आणि लिओ झेलिन्स्की बसता बसता थांबला.

क्लीव्हलंडच्या त्या कळकट खानावळीत बर्निस एकतीस वर्षं गिऱ्हाइकांचा पाणउतारा करत होती. काय खायचं ते तीच ठरवायची. चमचा लांबूनच भिरकावायची, तो बरोबर बशीत पडायचा. माणसं दुसऱ्या गावांहून मुद्दाम अपमान करून घ्यायला यायची आणि खूश होऊन परत जायची. लिओची बायको दोन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून सगळं जग त्याच्याशी हळू आवाजात बोलत होतं. इथे मात्र रोज कोणीतरी "बोळक्या, आज तरी कवळी आणलीस का?" म्हणून खेकसायचं. तेवढ्यासाठी तो दोन बस बदलून यायचा.

गोड ती एकदाच बोलली होती, हॅरल्ड नावाच्या गिऱ्हाइकाशी. पंधरा दिवसांत हॅरल्ड गेला. बर्निसची भाची हॉस्पिटलात कामाला. तिच्याकडून आधीच कळलं असणार. आणि लिओच्या छातीच्या फोटोचा रिपोर्ट नेमका आज यायचा होता.

"काहीही आण," लिओ कसाबसा म्हणाला.

"मऊ अंडी सांगते. कॉफी गरम आहे हं, जपून."

शेजारच्या स्टुलावरच्या मिल्टनचा घास हातातच राहिला. "जपून म्हणाली?"

"म्हणाली."

"अरेरे!" मिल्टनने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग घसा खाकरून म्हणाला, "लिओ, तुझी ती मासे धरायची होडी... तिचं काही ठरवलंयस का?"

बातमी आत गेली. आचारी गसने आयुष्यात कोणाला जास्तीची काकडी दिली नव्हती. त्याने ॲपल पायचा तुकडा पाठवला, फुकट. तो बघून लिओचा उरलासुरला धीर सुटला. त्याने मुलीला फोन लावला. "ट्रुडी, माझा निळा सूट धुवायला दे. पुरताना तोच घाला." ट्रुडी फोनवरच हुंदके देऊ लागली.

तेवढ्यात बर्निस किटली घेऊन आली. "मिल्टन, तुम्हालाही देऊ का थोडी?"

मिल्टन पांढराफटक पडला. "मला? मला काय झालंय?"

लिओचा फोन वाजला. डॉक्टर होते. छाती स्वच्छ, काळजीचं काही नाही. लिओने फोन खाली ठेवला, पण आनंद काही होईना. आपण ठणठणीत, मिल्टन तर घोड्यासारखा. मग ही गोड का बोलतेय?

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. ती मघापासून एकच जागा पुसत होती. एप्रनच्या खिशातून हॉस्पिटलचं पाकीट डोकावत होतं.

"माझा रिपोर्ट आहे," ती हळूच म्हणाली. "कोणावर ओरडायची ताकदच नाही रे आज."

लिओला भडभडून आलं. "होईल सगळं ठीक" हे शब्द अगदी ओठांवर आले. पण दोन वर्षं तेच ऐकून तो किती एकटा पडला होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याने कप ढकलला.

"ए म्हातारे! ही कॉफी आहे का भांड्यांचं धुवण? आणि चमचा कुठाय? का तोपण मीच आणू?"

सगळ्या खानावळीने माना वळवल्या. बर्निसने वर पाहिलं. तिचा हात चमच्यांच्या डब्याकडे गेला.

"हा घे, बोळक्या! कवळी विसरलास आणि ऐट बघा!"

चमचा सणसणत आला आणि बशीपासून हातभर लांब, जमिनीवर पडला. एकतीस वर्षांत तिचा नेम कधी चुकला नव्हता.

लिओ वाकला, चमचा उचलला आणि नेऊन तिच्या हातात दिला.

"परत फेक," तो म्हणाला.