बुरशी चारही खोल्यांत!

माझ्या नाकाबद्दल मी स्वतः कधी बोलत नाही. लोक बोलतात. अर्थात लोकांना आधी मीच सांगितलेलं असतं, ती गोष्ट वेगळी!

घरातली बुरशी शोधून देणं हा माझा धंदा. ओल मोजायची यंत्रंबिंत्रं मी नेतो, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. खरं काम माझं नाक करतं. दारात उभं राहून एक श्वास घेतला की सांगून टाकतो, न्हाणीघराची भिंत, डावा कोपरा, गुडघ्याइतक्या उंचीवर! त्यामुळे त्या बाईंचा फोन आला तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो.

बाई म्हणजे शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्या राहायच्या. त्यांना वास सोसत नाहीत. अत्तर, रंग, फिनेल, काहीही नाकाशी आलं की डोळ्यांना धारा आणि शिंकांवर शिंका. बुरशीचं तर नावच काढायला नको, श्वासच अडकतो.

"मला माझ्या घरात काडीचाही त्रास होत नाही," बाई म्हणाल्या. "पण आमचे चिरंजीव म्हणतात, घर जुनं आहे, बुरशी असणारच, विकून टाक आणि माझ्या नव्या फ्लॅटवर चल. त्याच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं की माझा जीव घुसमटतो हो! शेवटी असं ठरलंय, तुमच्या अहवालात बुरशी निघाली तर मी घर सोडायचं. नाही निघाली तर त्यानं हा विषय कायमचा बंद करायचा."

"बाई, काळजीच सोडा!"

"आणि हो, आठ दिवस आधीपासून साबण, तेल, पावडर बंद. कपडे, सामान, सगळं नुसत्या पाण्यानं धुतलेलं हवं."

आता मी कामाला पक्का! आठ दिवस अंगाला साबण लावला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं माझं ताट गॅलरीत नेऊन ठेवलं. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांचं कुत्रं, जे एरवी माझ्यावर भुंकायचं, ते शेपूट हलवत आलं. यंत्रांची जाड कापडी बॅग तर मी पहिल्याच दिवशी पाण्यातून काढली, पिळली आणि घरातले वास लागू नयेत म्हणून तिथल्या तिथे प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी मारून कपाटात ठेवली. सांगा, एवढी काळजी दुसरं कोण घेतं?

ठरल्या दिवशी बाईंनी दारातच माझ्याभोवती एक फेरी मारली, हुंगलं आणि म्हणाल्या, "पास!" सोफ्यावर चिरंजीव हाताची घडी घालून बसले होते. मी ऐटीत प्लास्टिक टरकावलं, यंत्रं बॅगेत कोंबली, बॅग खांद्याला लावली आणि एक दीर्घ श्वास घेतला.

"आहे!" मी ओरडलो.

"काय आहे?" बाईंनी विचारलं आणि सटासट तीन शिंका दिल्या.

"बघ आई!" चिरंजीव उभेच राहिले. "मी म्हणत नव्हतो?"

मी यंत्र भिंतीला टेकवलं. ठणठणीत कोरडी! पण माझं नाक काय खोटं बोलतंय? कपाट सरकवलं. भिंत स्वच्छ. गाडीतून हातोडा आणला आणि भिंतीला वीतभर भोक पाडलं. आतही काही नाही! स्वयंपाकघरात गेलो तर तिथे वास तेवढाच. बाई मागोमाग आल्या आणि शिंकांनी बेजार झाल्या. मी सिंकखालची फळी उचकटली. झोपायच्या खोलीत फरशी काढली. चिरंजीव एवढे खुशीत की स्वतः पहार धरत होते! जिथे जावं तिथे वास हजर. मी तर पार चक्रावलो. अशी घरभर पसरलेली आणि तरी न दिसणारी बुरशी जन्मात पाहिली नव्हती.

"चारही खोल्यांत आहे," मी शेवटी जाहीर केलं.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. डोळे गळत होते, पण आता ते बुरशीनं की कशानं, कळेना. "सगळ्या जगात या एकाच घरात मला धड श्वास घेता यायचा हो," त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. चिरंजीव तोवर दलालाचा नंबर शोधायला लागले होते.

एकाएकी बाई ताठ बसल्या. "थांब रे! अहो तपासनीस, मघाशी तुम्ही हातोडा आणायला गेलात, तेव्हा मला एकही शिंक आली नाही."

"योगायोग असेल, बाई."

"विज्ञानात योगायोगाला मार्क नसतात. चला अंगणात!"

अंगणात छान वारा होता. ना भिंत, ना छप्पर. बाई माझ्याजवळ आल्या आणि सटासट शिंकल्या!

"आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बॅग तिथे ठेवा आणि तुम्ही इकडे या."

मी शाळेतल्या पोरासारखा मुकाट गेलो. बाईंनी मला हुंगलं. "वास आहे. पण बुरशीचा नाही." मग त्या बॅगेकडे दोन पावलं गेल्या आणि डोळे धरूनच मागे फिरल्या.

मी बॅग उलटी केली. आतल्या अस्तराला हिरवीगार मखमल! कडेनं पांढरी किनार! इतकी जोमदार बुरशी मी उभ्या धंद्यात पाहिली नव्हती, क्षणभर अभिमानच वाटला. मग आठवलं, चिकटपट्टी मारताना बायको म्हणाली होती, "अहो, ओली आहे ती अजून." आणि मी म्हणालो होतो, "तपासनीस कोण, मी की तू?"

बॅग अंगणातच टाकून आम्ही अहवाल लिहायला आत आलो. "बॅगेचं कशाला लिहिता?" चिरंजीव माझ्या कानाशी लागले. "खिडकीखाली थोडी सापडली म्हणा. तुमची अब्रू राहील."

खोटं कशाला बोलू, हात थबकला! पण समोर बाई उभ्या होत्या, तीस वर्षं दुसऱ्यांचे निकाल लावून आज स्वतःच्या निकालाची वाट बघत. मी छापील अर्ज काढला आणि लिहिलं. घरात बुरशी: नाही. बुरशीचा उगम: तपासनीस. भिंतीची, फळीची, फरशीची दुरुस्ती: तपासनीसाकडे. खाली ठसठशीत सही ठोकली.

चिरंजीवांनी निमूटपणे फोन खिशात टाकला. बाईंनी चष्मा लावून अहवाल दोनदा वाचला. माझ्या प्रत्येक अर्जाच्या तळाशी एक सूचना आधीपासूनच छापलेली असते, ती त्यांनी मोठ्यानं वाचली.

"'उगम ताबडतोब घराबाहेर काढावा.'"

"हो हो, बाई! बॅग आत्ता गाडीत टाकतो!"

"बॅग बाहेरच आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं.