सतरा नंबरचं झाड

कोणत्याही सुव्यवस्थित समाजाची ओळख त्याच्या झाडांच्या बुंध्यांवरून होते. झाड जिवंत आहे की नाही हे ठरवायला पूर्वी लोक वर बघत. ही पद्धत वेळखाऊ होती, शिवाय मान अवघडायची. आमच्या उद्यान खात्याने त्यावर तोडगा काढला. जमिनीपासून चार फूट पांढरा चुना, त्यावर तांबडा पट्टा, पट्ट्यावर नंबर. चुना लावलेलं झाड जिवंत धरावं, असं परिपत्रकच निघालं. तेव्हापासून मेलेल्या झाडांचं प्रमाण शून्यावर आलं आहे. (विजेच्या खांबांनाही चुना लागला. त्यांतलाही एक दगावलेला नाही.)

आमच्या गल्लीतल्या सतरा नंबरच्या झाडाखाली इस्त्रीवाल्या मावशींची टपरी. झाड दोन वर्षं ठार वाळलेलं, वर टपरीकडे कललेलं. मावशी खात्यात गेल्या.

"साहेब, झाड मेलंय. एक दिवस माझ्या डोक्यात येईल."

साहेबांनी रजिस्टर पाहिलं. "मरेल कसं? गेल्या वर्षीच चुना लावलाय."

"एक पान नाही हो वर."

"पानं आमच्याकडे येत नाहीत, मावशी. आम्ही चार फुटांपर्यंत."

शेवटी चुना लावणारा कामगारच म्हणाला, "मावशी, यंदा मी सतराला हातच लावत नाही. चुना नाही म्हणजे मेलेलं. मेलेलं म्हणजे तोडायचं. नियमच आहे त्यांचा."

त्याने सतरा सोडून अठराला चुना लावला. करवतवाले सोमवारी यायचे ठरले. मावशी दोन वर्षांत पहिल्यांदा वर न बघता इस्त्री करू लागल्या.

मात्र जागरूक नागरिक स्वस्थ बसत नाहीत. पांढऱ्याशुभ्र रांगेत एकच काळं झाड किडक्या दातासारखं दिसतं, गल्लीची शोभा जाते, असा अर्ज गेला. सह्या एकोणचाळीस. खात्याने त्याच दिवशी दखल घेतली (हा विक्रम आहे). शनिवारी सतराला दोन हात चुना लागला, करवतवाले रद्द झाले आणि मंगळवारी झाड टपरीवर आलं. मावशी वाचल्या. उजवा हात मनगटात मोडला, इस्त्रीचा. पंचनाम्यात "झाडाची प्रकृती उत्तम" अशी नोंद आहे.

काल त्यांना भेटायला गेले. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, त्या अर्जावर सह्या कुणाकुणाच्या होत्या हो?"

मी म्हटलं, काही वाचता येत नाहीत, फार गिचमिड आहेत.

तिसरी माझी आहे. पहिली, वाचकहो, तुमची. अक्षर मात्र सुरेख आहे तुमचं.