सविनय कळवण्यात येते की

खाटेशेजारचे बटण दाबले की तारेतून परिचारिकेच्या संगणकावर "सात, पाणी" एवढेच उमटत असे. परिचारिका सातव्या खाटेला पाणी नेऊन देई. रुग्णालयात काही इतके सुरळीत चालावे, हे संगणक विभागाच्या प्रमुखांना संशयास्पद वाटले.

चौकशीत आढळले की, तारेतून एकेक अक्षर येताच संगणकाचा कर्नल, म्हणजे आतला मुख्य कारभारी, हातचे काम टाकून उठतो.

"एका अक्षरासाठी उठायचं? मी तरी उठतो का कधी?" प्रमुख म्हणाले.

तार जिथे जोडतात त्या पोर्टात बफर नावाची इवलीशी प्रतीक्षा खोली असते. ती पूर्ण भरल्याखेरीज कर्नलला उठवू नये, असा आदेश निघाला. जरा वाट पाहून असेल तेवढे उचलण्याची जुनी सोय 'अधीरपणा' ठरवून बंद करण्यात आली. सेटिंग बदलणारा प्रोग्रामर स्वभावाने होयबा. बदलले त्याने. सातव्या खाटेवर त्याचीच आई होती, घरात पडून कंबर मोडलेली.

"सात, पाणी" खोली भरायला अपुरे पडले. निरोप बफरमध्ये बसून राहिला आणि आई तहानलेली. परिचारिकेने तक्रार केली तेव्हा समितीने दोष निरोपाच्या त्रोटकपणाला दिला व नवा मसुदा मंजूर केला: "सविनय कळवण्यात येते की, खाट क्रमांक सातवरील रुग्णास पाणी हवे आहे."

आता खोली भरली. पण कर्नल डोळे चोळत येईपर्यंत मागची अक्षरे सांडून गेली. पडद्यावर ओळीमागून ओळ तेवढीच येई: "सविनय कळवण्यात येते की".

"की काय?" परिचारिकेने विचारले.

"तो तपशील झाला. रुग्णांचं सौजन्य बघा किती वाढलंय," प्रमुख म्हणाले आणि तसा अहवाल वर पाठवला.

प्रोग्रामरने पडदा पाहिला. आपली आई जन्मात कधी सविनय बोललेली नाही, हे त्याला ठाऊक होते. तो वॉर्डात धावला. तिचे ओठ सुकले होते. त्याने तिला पाणी पाजले.

"छोटा निरोप पोचतच नाही गं, आई. साठावा लागतो. आजच नीट करतो."

"हो का? तरीच," आई म्हणाली. "पडायच्या आधी तुला फोनवर नुसतं 'ये' लिहिलं होतं मी."

प्रमुखांना हसून तुमचे झाले असेल, तर तुमचाही फोन एकदा उघडा. फार मोठे काही लिहिलेले नसेल.