पाठमोरे आप्पा

आप्पा शिगवण आमच्या टीमचे मॅनेजर आहेत, सिलेक्टर आहेत, पाणी पाजणारे आहेत आणि अंपायरशी भांडणारेही तेच आहेत. पण गेल्या नऊ वर्षांत त्यांनी आमची बॅटिंग एकदाही पाहिलेली नाही.

म्हणजे मैदानावर ते असतात. सगळ्यांच्या आधी असतात. रविवारी सकाळी सहाला दुबईतल्या अल कुसैसच्या मागच्या वाळूच्या मैदानावर पाण्याचे कॅन उतरवतात, मॅट अंथरतात, स्टंप ठोकतात. आमची फिल्डिंग असली की घसा बसेपर्यंत ओरडतात. आणि आमचा पहिला बॅट्समन क्रीजवर पोचला की वळतात, मैदानाकडे पाठ करतात आणि शारजाच्या रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात. बॅटला बॉल लागल्याचा आवाज आला की न वळता विचारतात, "काय झाला गो?"

मी स्कोअर लिहायला त्यांच्या शेजारीच बसते, त्यामुळे हा प्रश्न मला असतो.

"चौकार, आप्पा."

"कुणाचा?"

"मकरंदचा."

"नशीब," म्हणायचं आणि पुन्हा रस्त्यावरचे ट्रक बघत राहायचं. त्यांनी पाहिलं की विकेट पडते, असा त्यांचा अनुभव आहे. माझ्या मुलीने, इराने, एकदा विचारलं, "आई, व्हाय इज ही वॉचिंग द ट्रक्स?" काय सांगणार? ट्रक आउट होत नाहीत, म्हणून.

टीमचं नाव वरचीवाडी इलेव्हन. ही वाडी गुहागर तालुक्यात आहे आणि तिथली पाच माणसं टीममध्ये आहेत. बाकीचे खालच्या वाडीचे, पलीकडच्या गावचे आणि एक चक्क पुण्याचा. हा पुण्याचा माणूस म्हणजे माझा नवरा मकरंद. स्पर्धेचा नियम असा की खेळाडू कोकणातलाच हवा. पण माझं माहेर वरचीवाडी, म्हणून आप्पांनी त्याला जावयाच्या कोट्यातून आत घेतला. पुढे कॅप्टनही केला. "जावयाला मान दिला नाय तर तो रुसतो, नि रुसलेला विकेटकीपर बॉल सोडतो," हे त्यामागचं धोरण.

आप्पा एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर आहेत. साइटवर कोण किती वाजता आला, कुणाची ड्यूटी कधी सुटते, कोण रजेवर जातो, सगळं त्यांच्या वहीत. त्यामुळे नव्या माणसाला ते नाव विचारत नाहीत. पहिला प्रश्न, "व्हिसा कधीपर्यंत हाय?" दुसरा, "फेब्रुवारीत गावाला लग्नबिग्न नाय ना?" या दोन परीक्षांत पास झाला तर मग बॉलिंग येते का, हे विचारतात. पहिल्यांदा मी हसले होते. नंतर कळलं की आखातात टीम बांधायची तर हेच आधी बघावं लागतं. आमचा एक ओपनर सेमीफायनलच्या आदल्या दिवशी अबू धाबीच्या साइटवर बदलून गेला होता. त्या दिवशी आप्पा जेवले नव्हते.

यंदाचा फेब्रुवारी तर त्यांना फारच जड गेला. आठ टीम, सेमीला चार जाणार आणि आम्ही पाचवे. शेवटची मॅच चौथ्या नंबरच्या दापोलीवाल्यांशी. जिंकलो तर आत, हरलो तर खलास. त्या पंधरा दिवसांत रोज संध्याकाळी ड्यूटी सुटली की आमच्या बिल्डिंगखालच्या कॅफेटेरियात सभा भरायची. करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचे कागदी कप आणि एकेका खेळाडूची चिरफाड.

"अक्षयची दाढ दुखतेय," आप्पा.

"दाढेने कुठे बॅटिंग करतो तो?" मकरंद.

"तू पुण्याचा, तुला नाय कळायचा. दाढ दुखली की माणूस डोळं मिटतो. यॉर्कर काय डोळं मिटून खेळणार?"

मग आप्पा अक्षयच्या रूममेटला फोन लावायचे. रात्री झोपला का? बर्फाचं पाणी प्यायला का? त्या रूममेटला क्रिकेटचं काही सोयरसुतक नव्हतं; तो बिचारा आप्पांचा नंबर दिसला की फोन उशीखाली सरकवायचा. दुसऱ्याचा गुडघा, तिसऱ्याची नाइट शिफ्ट, चौथ्याचं बायकोशी भांडण. आप्पांना सगळ्याची काळजी, आणि काळजी करताना ते वेलदोडे चघळायचे. शेवटच्या आठवड्यात ते जवळ आले की खिरीचा वास यायचा.

एका खेळाडूबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नसे. पम्या. प्रथमेश नाव, वय सत्तावीस, आप्पांच्याच कंपनीत स्कॅफोल्डर, म्हणजे इमारतीला परांची बांधणारा. डावखुरा. शेवटच्या ओव्हरला त्याच्या हातात बॉल दिला की समोरचे बॅट्समन एकमेकांना पुढे करायचे. आम्ही पाचवे तरी होतो ते त्याच्यामुळे.

त्याच पम्याची बायको गावाला नऊ महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण. त्याने जानेवारीच्या शेवटची रजा टाकली होती आणि ती मंजूरही झाली होती. ती पुढे ढकलायला लावली आम्ही. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण खरं तेच लिहिते. आप्पा त्याला घेऊन आमच्याकडे जेवायला आले, मी सुरमई तळली, मकरंदने "एवढी लीग संपव रे" म्हटलं आणि आप्पा म्हणाले, "पहिलटकरणीचा उशिराच होता." मीही मान हलवली. पम्या हसून म्हणाला, "पोर काय पळून जातंय?" आणि तिकीट शेवटच्या मॅचनंतरच्या सोमवारचं झालं. ते तिकीट मीच बदललं. कुसैसमधल्या एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत मी तिकिटांचंच काम करते.

मॅचच्या आधीच्या गुरुवारी, भर दुपारी, आप्पा आमच्या काउंटरवर येऊन उभे राहिले. ड्यूटी सोडून आलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं.

"पम्याचा तिकीट शनिवार सकाळचा कर."

"त्याने सांगितलं?"

"त्याला ठाऊक नाय."

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. म्हणाले, "काल सकाळी बायकोचा फोन आला त्याला. पायावर सूज हाय, डॉक्टर म्हणतो लवकर होईल. मी म्हटला, जातोस काय? तर म्हणतो, रविवार उरकू दे. नि वर चढला. तिसऱ्या मजल्यावर गेला, आणि मी खालून बघतोय, बेल्टचा हुक लावलाच नाय त्याने! चार वर्षांत पहिल्यांदा. मी बोंब मारली तेव्हा लावला."

"मग त्याला सांगा ना सरळ, जा म्हणून."

"जा म्हटला तर तो जाणार नाय. आणि गेला नि आपण हरलो, तर जन्मभर म्हणेल माझ्यामुळे हरले. पोराच्या बारशाला तेच आठवेल त्याला." हेल्मेट काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं. "रागावून गेला पायजे. रागावलेला माणूस मागे वळून बघत नाय. तू फक्त तिकीट कर नि कुणाला बोलू नको. नवऱ्याला तर नायच. शपथ घे."

मी शपथ घेतली. आता लिहिते आहे म्हणजे मोडलीच. पण पम्या छापलेलं काही वाचत नाही, आणि नवऱ्याने वाचलं तर बरंच होईल.

शुक्रवारी संध्याकाळी प्रॅक्टिस होती. पम्याने दोन बॉल टाकले असतील नसतील, आप्पा पिचच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"थांब. तू रविवारी नाय खेळणार."

सगळ्यांना वाटलं मस्करी चाललीय.

"तू बॉल टाकत नाय, फेकतोस. कोपर वाकतो तुझा. मी गप होतो इतके दिवस. दापोलीवाले तक्रार करणार, गावाचा नाव खराब होणार. मना नको असला बॉलर."

बॉलरला फेकतोस म्हणणं म्हणजे दुधवाल्याला पाणी घालतोस म्हणण्यासारखं आहे. पम्याचा चेहरा लाल झाला. त्याने बॉल इतक्या जोरात आपटला की तो पलीकडच्या कुंपणावरून गेला. मकरंद मध्ये पडला, "आप्पा, डोकं फिरलंय का तुमचं? शेवटची मॅच आहे!"

"मी सिलेक्टर हाय."

"मग मी इथे थांबू कशाला?" पम्या ओरडला. "तुमच्यासाठी रजा पुढे ढकलली मी! उद्याच जातो गावाला!"

"जा. यल्ला, नीघ. रजेचा कागद माझ्याकडे हाय, उद्यापासूनची टाकतो. तोंड नको दाखवू."

पम्याने तिथल्या तिथे मला विचारलं, "ताई, उद्याचं तिकीट मिळेल?" कालपासून ते माझ्या पर्समध्ये होतं. मी "बघते हं" म्हणाले, बाजूला जाऊन मोबाइलवर उगाच बोटं फिरवली आणि "मिळालं रे, नशीब तुझं" असं सांगितलं. पम्याने टीममधल्या सगळ्यांना मिठी मारली, आप्पांच्या समोरून तो मान फिरवून गेला. आप्पा स्टंप उपटून गोळा करत होते. ते काम दहा मिनिटांचं. त्या दिवशी त्यांना अर्धा तास लागला.

रविवारी आम्ही जिंकता जिंकता हरलो. दापोलीवाल्यांना शेवटच्या ओव्हरमध्ये अकरा धावा हव्या होत्या, आमच्याकडे पम्या नव्हता, आणि ज्याला बॉल दिला त्याने पहिले दोन वाइड टाकले. आमची फिल्डिंग असूनही आप्पा वळले आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. आरडाओरडा झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "काय झाला?" मी म्हणाले, "खलास, आप्पा." त्यांनी मान हलवली आणि पाण्याचे कॅन उचलायला गेले. कोणी हात लावला नाही मदतीला.

दुपारी मकरंदने त्यांना टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं. नऊ वर्षांपूर्वी तो ग्रुप आप्पांनीच काढला होता. ॲडमिन कसं करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून मकरंदला केलं होतं. मी म्हटलं, "असं करू नये रे म्हाताऱ्या माणसाला." तो म्हणाला, "तू त्यांची बाजू घेऊ नकोस, तुझं माहेर म्हणून." माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी भांडी घासायला गेले आणि एक बशी फोडली.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. पम्या रविवारी पहाटे चिपळूणला हॉस्पिटलात पोचला आणि दुपारी त्याला मुलगी झाली. सोमवारच्या विमानाने निघाला असता तर चुकलंच होतं. मकरंदने फोटो बघितला आणि म्हणाला, "नशीब बघ पठ्ठ्याचं! त्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणून वेळेवर पोचला."

सोमवारी संध्याकाळी मकरंद जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसातून यायचा होता तेव्हा बेल वाजली. दारात आप्पा. हातात रिकामा डबा, गेल्या महिन्यातला, माझाच. तो परत करायला आले म्हणे. तो डबा मी याआधी दोनदा मागूनही त्यांनी आणला नव्हता. मी चहा टाकला. ते सोफ्याच्या कडेवर बसले, इराला शाळेचं विचारलं, तिने "गुड" म्हणून संपवलं.

"पम्याचा काय कळला काय?" त्यांनी चहाकडे बघत विचारलं.

मी फोन उघडला. फोटोखाली पम्याने लिहिलं होतं, 'मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आप्पाला कुणी दाखवू नका.' ती ओळ मी अंगठ्याखाली धरून फोन पुढे केला.

"अंगठा काढ. वाचता येता मना."

मी काढला. त्यांनी वाचलं. सावकाश, दोनदा. "बरा हाय," ते म्हणाले. "राग हाय तेवढाच बरा." पण त्यांचा आवाज बरा नव्हता, आणि मला मकरंदचा, पम्याचा, सगळ्या टीमचा इतका संताप आला की रडू फुटायचं बाकी होतं.

मग ते एकदम पुढे झुकले. "अगो, ही मान बघ! मान लटकतेय पोरीची! असा धरतात काय? मानेखाली हात दे म्हणावा त्याला!"

"तुम्हीच फोन करा ना."

"माझा नको. तू लिही. तुझ्या नावाने लिही. तुझा ऐकेल तो."

मी लिहिलं, 'प्रथमेश, बाळाच्या मानेखाली हात घे.' आप्पा स्क्रीनवरून नजर हलवत नव्हते. दोन मिनिटांत 'हो ताई' आलं आणि पाठोपाठ दुसरा फोटो. पम्याचा डावा हात मानेखाली, नीट, पसरलेला. आप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ तो हात बघत राहिले.

"तुम्हाला बरं माहीत हो आप्पा, पोर कसं धरायचं ते," मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले.

"मना कुठला माहीत? बायको फोनवर सांगायची." त्यांनी फोन जपून टीपॉयवर ठेवला. "आमची सुषमा झाली तेव्हा मी इथेच होतो. रजा मिळाली, घरी गेलो, पहिल्यांदा उचलली, तेव्हा चौदा महिन्यांची होती ती. मान धरायची गरजच नव्हती."