परबकाकांनी नापास केलेलं सोनं

सोन्याच्या दुकानात शिरलं की माणसं सोनं बघतात. आमचे परबकाका संडास बघतात.

"आधी तो दाखवा, मग बाकीचं," असं ते काउंटरवरच्या मुलीला खणखणीत आवाजात सांगतात. तिला वाटतं म्हाताऱ्याला घाई आहे. ती बिचारी लगबगीने वाट दाखवते. काका आत जातात, नळ सोडून बघतात, कडी लावून बघतात आणि बाहेर येऊन माझ्याकडे बघतात. एक तर मान डोलवतात, नाहीतर म्हणतात, "चल समीर, नापास."

मी बरोबर असतोच. डोंबिवलीत आमची दारं समोरासमोर. मी घरून काम करतो, आणि घरून काम करणारा माणूस मोकळाच असतो याबद्दल आमच्या बिल्डिंगचं एकमत आहे.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. बाहेरून येणारा माल तपासायचा, आणि माल देणाऱ्याचं वर्कशॉपही जाऊन बघायचं. "ज्याची मोरी घाण, त्याचं मशीन घाण" हा सिद्धांत त्यांनी तिथे मांडला आणि त्यावर नोकरी काढली. रिटायर झाल्यावर तपासायला माल उरला नाही. मग त्यांनी भाजीवाले धरले, पिठाची गिरणी धरली, सोसायटीची लिफ्ट धरली. लिफ्ट त्यांच्या मते अजून 'होल्ड'वर आहे, म्हणून ते जिन्याने जातात.

त्यानंतर सोनं आलं. फंडाच्या पैशातले थोडे काकांना काकींच्या नावावर सोन्यात टाकायचे होते. हल्ली पेढीपासून मोबाइलपर्यंत सगळेच म्हातारपणासाठी सोन्याचं खातं काढून देतात. दरमहा थोडं थोडं भरा, ग्रॅम-ग्रॅम जमवा, लागेल तेव्हा मोडा. परबांना मूलबाळ नाही. "मी गेल्यावर हिला कोणाच्या तोंडाकडे बघायला लागता नये," हे काका आजचा भाव सांगावा इतक्या सहज सांगायचे. "सोनं काय रे, सगळीकडे पिवळंच. ही एकटी तिथे गेली तर काय होईल, ते तपासायचं. हिला शुगर, म्हणून संडास. हिचे गुडघे गेलेले, म्हणून पायऱ्या."

पायऱ्या ते टेपने मोजतात. कल्याणला एका चकचकीत शोरूमबाहेर टेप लावून ओणवे झाले, तेव्हा मालक स्वतः धावत आला. त्याला वाटलं महापालिकेचा माणूस आहे, पायरी फुटपाथवर आली म्हणून नोटीस काढणार. त्याने आम्हाला एसीत बसवून मसाला दूध पाजलं. काकांनी दूध संपवलं आणि पायरी उंच म्हणून दुकान नापास केलं. मालक हात जोडून म्हणाला, "साहेब, जरा समजून घ्या ना." काका म्हणाले, "समजलं म्हणूनच उठलो." तो अजूनही नोटिशीची वाट बघत असेल.

ठाण्याला वेगळीच तऱ्हा. काकांचं म्हणणं, घ्यायला आलेल्याला सगळेच हसून बसवतात, मोडायला आलेल्याला कोण बसवतं ते बघायचं. म्हणून ते स्वतःची अंगठी काढून "मोडायचीय" म्हणत पुढे करायचे. घट किती धरणार, पैसे हातात कधी देणार, सगळं विचारायचे आणि अंगठी परत बोटात घालायचे. एका पेढीत तर ते उभं राहून अंगठी दाखवत होते तेवढ्यात त्यांची खुर्ची दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेली. काका खूश झाले. दोष सापडला की त्यांना भूक लागते, त्या दिवशी मला मिसळ मिळाली.

मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, मोबाइलवर घ्या ना. दाराबाहेर पडायला नको." त्यांनी लगेच हेल्पलाइनला फोन लावला.

"मॅडम, सोनं ठेवता कुठे?"

"सर, तिजोरीत असतं. एकदम सुरक्षित."

"मग मी येऊन बघतो. खालच्या मजल्यावर आहे ना?"

"सर, तसं बघता येत नाही."

"मग माझ्या बायकोने यायचं कुठे?"

"सर, यायची गरजच नाही!"

"गरज नाही कशी? तिला माणसाशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही." फोन ठेवला. नापास.

या सगळ्यात सोन्याचा भाव मात्र आमच्या लिफ्टपेक्षा भरवशाने वर जात होता. काकी म्हणायच्या, "ह्यांचं पास होईपर्यंत मी सोनं कॅलेंडरवरच्या लक्ष्मीच्या अंगावर बघत्येय."

शेवटी रामनगरातली एक जुनी पेढी सापडली. पायरी एकच, तीही ठेंगणी. संडास लखलखीत. घट किती, चार्जेस किती, सगळं भिंतीवर लिहिलेलं. मोडायला आलेल्या बाईला त्यांनी आधी पाणी दिलं. मला तर देव भेटल्यासारखं झालं. पण काका म्हणाले, "आता ट्रायल. ही एकटी आत जाणार, खातं उघडणार. मी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"वारलोय."

काकींनी कपाळावर हात मारला. पण काकांनी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. नॉमिनी म्हणून गावच्या पुतण्याचं नाव द्यायचं, आणि अडलं तरी नवऱ्याला हाक मारायची नाही. काकी पिशवी घेऊन रस्ता ओलांडून गेल्या. आम्ही समोरच्या रसाच्या दुकानात उभे राहिलो. काका खांबाआड.

पाच-दहा मिनिटांत काकांचा फोन वाजला. काकींचाच. काका नुसते फोनकडे बघत राहिले.

"उचला ना!"

"मी कसा उचलणार? मी आहे का?"

फोन बंद झाला आणि माझा वाजला. "अरे समीर, ह्यांना विचार, आधार कार्ड कुठे ठेवलंय? सगळी पिशवी उपसली."

मी विचारलं. काका ओठ घट्ट मिटून रसाच्या चरकावरच्या घुंगरांकडे बघत राहिले. मग काही राहवेना. "निळ्या पाकिटात," ते पुटपुटले, "आतल्या कप्प्यात. मी सांगितलं म्हणू नको."

मी सांगितलं. काकी म्हणाल्या, "बरं. मयताला सांग, उन्हात उभं राहू नका."

त्यानंतर बराच वेळ काही नाही. काकांनी रस घेतला नाही. दुकानाची काच उन्हाने चमकत होती, आतलं दिसत नव्हतं. "बसवलं असेल ना रे तिला?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून मिटलं. त्यांना खरंच भीती वाटत होती. आपण नसलेल्या जगात ही काय करत असेल, हे काचेपलीकडे चालू होतं आणि त्यांना आत जायची सोय नव्हती.

काकी आल्या त्या मजेत. "झालं खातं. चांगली आहेत पोरं. बिनसाखरेचा चहा दिला."

"पुतण्याचं नाव घातलंस ना?"

"नाही. तुमचं घातलं."

"अगं, पण मी नव्हतो ना! ठरलं होतं आपलं!"

"ठरलं होतं," काकी म्हणाल्या. "पण त्या मुलाने विचारलं, मिस्टर आहेत का? माझ्या तोंडातून 'नाही' निघेचना. खोटंखोटंसुद्धा." त्यांनी पदराने मान पुसली. "आणि मी आधी गेले तर? तेव्हा तुमच्याकडे कोण बघणार? त्या पुतण्याची बायको?"

ठाणे, कल्याण, डोंबिवली पालथी घालताना ही गोष्ट तपासायची काकांना सुचलीच नव्हती. ते रसाच्या दुकानातल्या बाकावर बसले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मग मी एकटा आलो, तर काय करायचं ते सांग मला."

काकी शेजारी बसल्या आणि सांगू लागल्या. आत गेल्यावर आधी बसायचं. उभ्याने वाद घालायचा नाही. चहा दिला तर मुकाट्याने प्यायचा, कपाला नावं ठेवायची नाहीत. काका मान डोलवत होते. त्यातलं एक अक्षरही त्यांच्या कानात शिरत नव्हतं, हे काकींना दिसत होतं आणि मलाही. तरी त्या पहिल्यापासून पुन्हा सांगत होत्या.