राखीव इन्स्पेक्टर

मला जगातलं काहीही विकायला सांगा! फर्निचरच्या दुकानात माझी उभी हयात गेली. डुगडुगणारं टेबलसुद्धा मी लोकांच्या गळ्यात असं मारतो, की वर ते माझेच आभार मानून जातात. त्यामुळे बायकोच्या ताईनं आमच्याकडे एक कुत्रा आणून सोडला, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "रविवारी संध्याकाळच्या आत याला घर मिळालंच म्हणून समजा!"

ताई बेवारस कुत्र्यांचा निवारा चालवते. हा तिथला जुना मुक्कामी. एक कान दुमडलेला, आणि स्वभाव असा की चोर आला तर त्याला कपाट दाखवेल! पण लोकांना हवी असतात पिल्लं. चांगल्या मोठ्या झालेल्या कुत्र्याला कोण विचारतो? रविवारी घर मिळालं नाही, तर परत त्याच अरुंद पिंजऱ्यात.

आल्या आल्या त्यानं सगळ्या खोल्या हुंगल्या, कचऱ्याच्या डब्याची झडती घेतली आणि सोफ्यावरची माझी जागा जप्त केली. म्हणून त्याचं नाव पडलं इन्स्पेक्टर. मी स्टुलावर आलो. आता माल लवकर खपायलाच हवा होता!

"जाहिरात दिलीस ना?" बायकोनं विचारलं.

"दिली. पण खरी युक्ती पुढेच आहे!"

आमच्या दुकानात न खपणाऱ्या मालावर आम्ही 'राखीव' असं कार्ड अडकवतो. वर्षभर ज्या कपाटाकडे कुणी ढुंकून पाहत नाही, त्याला ते कार्ड लागलं की गिऱ्हाईकाला नेमकं तेच कपाट हवं असतं! मी एक कार्ड घरी आणलं. खाली 'राखून ठेवणाऱ्याची सही' अशी रेघ असते. तिच्यावर माझीच सही ठोकली आणि कार्ड इन्स्पेक्टरच्या गळ्यात बांधलं.

रविवारी पहिले आले दातांचे डॉक्टर. इन्स्पेक्टरनं त्यांना पंजा दिला, त्यांच्या बुटावर हनुवटी टेकली. डॉक्टर पार विरघळले! तेवढ्यात त्यांना कार्ड दिसलं.

"अरेरे! राखीव आहे?"

"तसं आहे," मी दुकानातलं ठेवणीतलं हसू काढलं. "पण तुमच्यासाठी बघू काहीतरी."

"छे छे! दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणाऱ्यातले आम्ही नाही!" आणि डॉक्टर निघाले. मी तोंड उघडेपर्यंत जिना उतरलेसुद्धा!

मग आल्या गणिताच्या निवृत्त बाई. एकट्या राहणाऱ्या, हातात पाण्याचं कोरं करकरीत भांडं. त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं आणि इन्स्पेक्टरच्या दुमडल्या कानावरून हात फिरवला.

"चला, भलं झालं याचं," त्या म्हणाल्या. "हे भांडं त्याच्या मालकांना द्या."

मी मागे धावलो. "बाई, थांबा! ते कार्ड खोटं आहे!"

"खोटं?" बाई गर्रकन वळल्या. "मग ते लावायची वेळ का आली? चावतो का?"

"नाही हो! न खपणाऱ्या मालाला लावतो आम्ही ते!"

झालं! बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला पाढे विसरल्यासारखं वाटलं. त्या गेल्या. त्यानंतर कुणी फिरकलंच नाही. डॉक्टरांनी, भल्या माणसानं, सगळ्या ओळखीच्यांना कळवलं होतं की कुत्र्याला घर मिळालं!

संध्याकाळी ताईच्या गाडीचा हॉर्न वाजला. इन्स्पेक्टर सोफ्यावरून उतरला आणि गुपचूप माझ्या स्टुलाखाली जाऊन बसला. हसू नका! त्या पिंजऱ्याची कल्पनाच मला सहन होईना.

ताई आत आली, वाकली, कार्ड वाचलं. सही वाचली.

"भावजी!" तिचे डोळे भरून आले. "तुम्हीच ठेवून घेतलंत? आणि सांगितलंही नाहीत!"

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "काय बाई हा माणूस! आणि आठवडाभर स्टुलावरून कुरकुरत होतास!"

मी इन्स्पेक्टरकडे पाहिलं. त्यानं माझ्या चपलेवर हनुवटी टेकली.

"म्हटलं, तुम्हाला जरा चकित करावं," मी म्हणालो.

तर अशा रीतीनं मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचाच माल स्वतःच्या गळ्यात मारून घेतला. पश्चात्ताप? अजिबात नाही! फक्त काल दुकानातून दमून आलो आणि इन्स्पेक्टर पाणी प्यायला गेल्याचं बघून हळूच सोफ्याकडे सरकलो. माझ्या जागेवर बायकोनं तेच कार्ड अडकवलं होतं. राखीव! खाली सहीच्या जागी चिखलाचा पंजा.

मी निमूटपणे स्टूल ओढलं.