रेणूंच्या फेऱ्या

सोलापुरात रेणूंना वठणीवर आणणारा पहिला माणूस मीच, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. दुसरा अजून कुणी झालेला नाही. त्याचंही कारण बहुतेक मीच.

साल सत्याहत्तर. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो, पण तात्पुरता. तीन वर्षं तात्पुरता! दिवाळीच्या सुट्टीत विद्यापीठाची समिती येणार होती. समितीला काम पसंत पडलं तर मी कायम, नाहीतर बिऱ्हाड उचलून थेट नातेपुते. तिथं माझे मेहुणे हिंदुराव यांचं खताचं दुकान होतं. "या की दाजी," ते प्रत्येक भेटीत म्हणायचे, "पोती शिवायला माणूस लागतुयाच." तेवढं म्हणून ते माझ्या हातांकडे बघायचे. आमची वच्छला भावाचं बोलणं हसण्यावारी न्यायची. मला मात्र दाभण दिसायचं.

पण यंदा माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. उन्हाळ्यात पुण्याच्या एका शिबिरात मी नवीन विद्या शिकून आलो होतो. रेणू कसे वागतात ते बघायला नळी नको, बर्नर नको. मनातल्या मनात एक डबा घ्यायचा, त्यात थोडे रेणू सोडायचे. प्रत्येकाला बाकीचे किती ओढतात, किती ढकलतात याचं गणित करायचं, त्याला इवलंसं एक पाऊल पुढे सरकवायचं, की पुन्हा गणित. डबा छोटा, म्हणून एक युक्ती: पूर्वेकडून बाहेर पडलेला रेणू पश्चिमेकडून आत घ्यायचा आणि पश्चिमेचा पूर्वेकडून. आणि रेणू फार उधळले, म्हणजे तापमान चढलं, तर सगळ्यांच्या वेगाला एकाच आकड्यानं गुणून खाली आणायचं. हे सगळं कॉम्प्युटर करतो. आमच्या कॉलेजात यंत्र म्हणाल तर एक सायक्लोस्टाइल होतं, आणि तेही शाई ओकायचं.

तेव्हा मी ठरवलं, समितीला हे जिवंत माणसं घेऊन दाखवायचं. रसायनशास्त्राचा हॉल आयता डब्यासारखा होता, पूर्वेला एक दार, पश्चिमेला एक. रेणू म्हणजे विद्यार्थी. पण विद्यार्थी दिवाळीला अकलूज-बार्शीकडे पांगलेले. मी डोक्याला हात लावून बसलो, तेव्हा आमच्या घरमालकीण चंद्रव्वा धावून आल्या. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, आणि गल्लीत त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

"बायका मी आनते की मास्तर. किती पायजेत?"

"चोवीस."

आदल्या संध्याकाळी अंगणात तालीम घेतली. मी म्हटलं, "उद्या तुम्ही सगळ्या रेणू."

"कोन रेणू?" सिद्धम्मानं विचारलं. ही चंद्रव्वांची जाऊ, शंका काढण्यात पटाईत.

"रेणू सगळीकडे असतो. तुमच्यात, माझ्यात, पाण्यात, या भिंतीत. डोळ्यांना दिसत नाही, पण आहे."

"हौदु री," सिद्धम्मानं कानडीत होकार भरला आणि हात जोडले. माझा तास ऐकून आजवर कुणी हात जोडले नव्हते. मला भरून आलं.

मग नियम सांगितले. घंटेच्या एका ठोक्याला एक पाऊल. लांब असलं की एकमेकींची ओढ, फार जवळ आलं की ढकलाढकल.

"म्हंजी सासू-सुनंवानी," सिद्धम्मा म्हणाली. तिला विषय कळला होता.

"पूर्वेच्या दारानं बाहेर पडलात तर हॉलच्या दक्षिण बाजूनं जाऊन पश्चिमेच्या दारानं आत यायचं. पश्चिमेनं पडलात तर तसंच पूर्वेला. उत्तरेला गाजरगवत आहे, तिकडं जाऊ नका. या रेणूंच्या फेऱ्या उद्या नीट पार पडल्या, की मी कायम होणार."

चंद्रव्वांचा चेहरा एकदम उजळला. "आदी नाय का सांगायचं मास्तर? उद्या मंगळवारच हाय."

वार त्यांना का आवडला ते विचारायचं मला सुचलं नाही.

मंगळवारी दहाला समिती आली. तिघेजण. अध्यक्ष कोटातले, सरकारी कॉलेजचे प्राचार्य, कपाळाला कायमची आठी. मी फळ्यावर ठळक अक्षरांत 'रेणू' असं लिहून खाली समीकरण मांडलं आणि टेबलावर चढलो. बायका आल्या. न्हालेल्या, अनवाणी, हातात हळदी-कुंकवाची ताटं. समितीच्या मानासाठी नटल्या असतील, असं मी समजलो.

शिपाई कोंडीबानं ठोका दिला. पाऊल. ठोका. पाऊल. अध्यक्षांची आठी किंचित सैल झाली. मग पहिली बाई पूर्वेच्या दारानं बाहेर पडली, दक्षिणेकडून वळसा घालून पश्चिमेनं आत आली. मी अभिमानानं समितीकडं पाहिलं. दुसरी गेली. दहावी गेली. चोवीसच्या चोवीस पूर्वेनंच गेल्या.

"पश्चिमेच्या दारानंही जा ना कुणीतरी," मी ओरडलो.

"उलटी फेरी कोन घालतंय व्हय मास्तर?" सिद्धम्मा जाता जाता म्हणाली.

आता, डाव्या-उजव्या सगळ्या रेणूंचा संवेग मिळून शून्य यायला हवा. इथं अख्खा वायू एकाच दिशेनं निघाला होता. त्यात कोंडीबाला रंग चढला आणि ठोके भराभर पडू लागले. तापमान चढलं. मी पुण्याची युक्ती काढली. "सगळ्यांनी पाऊण चाल!" कुणी ऐकेना. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "रेणुकाम्माच्या नावानं, उदो!"

मी टेबलावरच थिजलो. माझा रेणू त्यांच्या सौंदत्तीच्या रेणुकादेवीत जाऊन मिळाला होता. मी नवस सांगितला होता, आणि गल्ली तो फेडत होती.

मग रेणू वाढू लागले. चोवीसचे तीस झाले, तिसाचे पन्नास. पाळी संपवून घरी निघालेल्या गिरणीतल्या बायका आल्या, पाटीसकट भाजीवाली बजाबाई आली, घंटा टाकून कोंडीबा आला. उंबऱ्यावर नारळ फुटला. फळ्यावरच्या 'रेणू'ला हळदी-कुंकू लागलं, समीकरणावर झेंडूची माळ चढली. आणि त्या गर्दीत अध्यक्ष सापडले. पूर्वेच्या दारानं ते बाहेर जाताना मी पाहिलं, पण अडवणार कसा?

पश्चिमेनं ते आत आले तेव्हा संतापलेले होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा बूट हातात होते. शेजारी चंद्रव्वा त्यांना समजावत होत्या, "देवी लई कडक हाय बगा. फेऱ्या पुऱ्या झाल्या की आमचा मास्तर कायम होतुय." तिसऱ्यांदा आले तेव्हा कपाळाला मळवट होता.

मी टेबलावरून उतरलो. डोळ्यांपुढे हिंदुरावांचं दुकान, युरियाची पोती आणि ते दाभण. वच्छलेला काय सांगू, या विचारानं मला रडूच यायला लागलं.

अध्यक्ष माझ्याकडे आले. माझ्या नावाची फाइल त्यांच्या काखेत होती. मला कोपऱ्यात घेऊन त्यांनी आजूबाजूला पाहिलं. संवेगाबद्दल विचारणार, या तयारीनं मी ओठांवर जीभ फिरवली.

"सहा वर्षं झाली," ते हळूच म्हणाले. "बायको-मुलं पुण्यात, मी इकडं. बदलीच्या कामाला किती फेऱ्या घालाव्या लागतात?"

मी शास्त्राचा माणूस. पुराव्याशिवाय मी एक अक्षर बोलत नाही. मी फाइलीकडं बघितलं.

"पाच, सर," मी म्हणालो. "तीन झाल्यात तुमच्या."